अक्काचा उजवा हात

धडधाकट होती तोवर अक्कानं कुणाच्या हातून पाण्याचा पेला घेतला नाही. माझी ही मोठी आत्या. चिक्कडपल्लीतली सगळी गल्ली तिला अक्काच म्हणायची. पाणी आणून दिलं की फिस्कारायची, "नक्को. मला काय हात नाहीत?" पाहुणीलाही भाकरी थापायला बसवणारी बाई. आयतं खाणाऱ्यांचा तिला मनापासून राग.

तिला लकवा झाला आणि उजवा हात लुळा पडला. व्यायाम शिकवायला एक तेलुगू मुलगी यायची. ती समजावायची, मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही, पण आजूबाजूचे भाग त्याचं काम शिकून घेतात, नवी जोडणी करतात. मात्र हात वापरला तरच, आणि पहिल्या काही महिन्यांतच जास्त. रोज थोडा वेळ चांगला हात बांधून ठेवा, म्हणाली. "गिरने दो, पन उनकोच करने दो."

अक्काला ते लगेच पटलं. डावा हात ओढणीनं बांधून घेऊन ती कणकेचा गोळा मळत बसायची. बोटं हलली नाहीत की बोटांनाच शिव्या. हळूहळू ती बोटं गोळ्यात रुतायला लागली. एकदा तर पेला ओठांपर्यंत नेला, अर्धं पाणी पदरावर. काय हसली होती त्या दिवशी.

नेमकी तेव्हाच नांदेडची पाहुणी आली. तिच्यासमोर अक्काच्या हातून कप सुटला, चहा सांडला. बांधलेला हात पाहून पाहुणीनं तोंडाला पदर लावला. झालं. अक्काचा एकुलता एक लेक, माझा आतेभाऊ, शरमेनं काळाठिक्कर पडला. "आईला बांधून ठेवतो म्हणून लोक माझ्या तोंडात शेण घालतील." त्यानं व्यायामवाल्या मुलीचं येणं बंद केलं आणि आया ठेवली. घास, पाणी, वेणी, सगळं आयाच्या हातून. मी भांडले, तर म्हणाला, "तू घटकाभर येतेस. सेवा मी करतो." सेवा म्हणे! त्या शब्दाची मला आजही चीड येते.

अक्का आधी आयाचा हात झटकायची. पुढे झटकेनाशी झाली. बोटं मुठीत वळली ती वळलीच. एकदाच मला म्हणाली, "येत होता गं माझा हात."

अक्का गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला मंडप भरला होता. त्रिशरण झालं आणि जो तो उठून आतेभावाचं कौतुक करू लागला. नांदेडची ती पाहुणीही उभी राहिली. डोळे पुसत म्हणाली, "लेक असावा तर असा. आईला पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नाही त्यानं."