वाढदिवसासाठी काढलेली झाडं

सोमवारी सकाळी शाळेच्या मैदानात जेसीबी आला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यानं झाडं उपटली. गुरुवारी तिथे वृक्षारोपण होतं.

शेवटचं वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. वाचणाऱ्याला ती थट्टा वाटेल अशी भीती होती. पण घडलं ते असंच. एका पुढाऱ्याचा वाढदिवस माघात येतो, त्या दिवशी त्यांना आमच्या शाळेत झाडं लावायची होती, आणि मैदानात झाडं असल्यामुळे झाडं लावायला जागा नव्हती.

नेकनूरहून पुढे आमचं गाव. माझी पत्नी तिथल्या शाळेत शिकवायची. ती गेली त्याला दोन वर्षं झाली. गावात लोक त्या झाडांना ‘बाईंची झाडं’ म्हणत, ते तिला आवडत नसे. झाडं मुलांची होती. मुलांनीच ओढ्याकाठून, बांधावरून पळसाच्या, हिवराच्या शेंगा आणि बोराच्या आठोळ्या वेचून आणल्या होत्या, दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत रोपं केली होती. शाळा सुटली की प्रत्येकानं बाटलीत उरलेलं पाणी आपल्या झाडाला घालायचं आणि मगच घरी जायचं. दसऱ्याला मोठी माणसं आपटा ओरबाडायला येत तेव्हा पोरं त्याच्याभोवती कडं करून उभी राहत.

आणि एक रीत मुलांनीच पाडली होती. आमच्याकडची बरीच घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला कारखान्यावर जातात, पोरंही बरोबर जातात. जाणारं पोर आपलं झाड राहणाऱ्याच्या हवाली करून जायचं. नुसतं सांगून नाही, झाडापाशी नेऊन, त्याचा हात खोडाला लावून. परत आल्यावर पान न् पान तपासलं जायचं आणि भांडण ठरलेलं असायचं.

मंगळवारी मी मुलांना वाचायला पुस्तकं घेऊन शाळेत जातो. त्या मंगळवारी मैदान सपाट होतं. मुख्याध्यापक खुर्च्यांचा हिशेब बघत होते.

“सर, नाराज होऊ नका,” ते म्हणाले. “सगळं काटवनच होतं. पाहुण्यांच्या पायात काटा गेला असता तर?”

“ती मुलांनी लावलेली झाडं होती.”

“होती ना. पण दिसत नव्हती तशी. बोर, हिवर, बाभूळ... फोटोत बघणारा म्हणेल, ही तर आपोआप उगवलीत.”

सरपंच शेजारीच उभे होते. त्यांनी मला धीर दिला. “सर, कावून मनाला लावून घेता? लई भारी झाडं येणार हायेत. बाटलीसारखा बुंधा असतो त्यांचा. बाईंच्या नावाची पाटी लावू की एखाद्याला!”

मला पटकन बोलता येत नाही, आणि जे सुचलं ते शाळेत बोलण्यासारखं नव्हतं.

गुरुवारी टेम्पोतून पाम आले. पाहुण्यांनी एका रोपाला हात लावला, त्या हाताला आणखी बऱ्याच जणांनी हात लावले, आणि एवढ्या हातांच्या भारानं ते रोप वाकडं झालं. भाषणात पाहुण्यांनी देशी झाडांचं महत्त्व सांगितलं. वड, पिंपळ, पळस ही नावं त्यांनी एका दमात घेतली. टाळ्या वाजल्या. बाकीचे पाम नंतर कार्यकर्त्यांनी लावले, मुळांवरची काळी पिशवी तशीच ठेवून.

“सर, पिशवी काढली न्हाई त्यांनी,” सहावीतली एक मुलगी माझ्या कानाशी म्हणाली.

“सांग मग त्यांना.”

“कावून सांगू? मला कुणी इचारलं का?” मग म्हणाली, “तिचा पळस माझ्याकडं व्हता. ती आल्यावर मी काय सांगू?”

‘ती’ म्हणजे तिची मैत्रीण, तेव्हा आई-बापांबरोबर उसाच्या फडात होती. मी आयुष्यभर महाविद्यालयात शिकवलं, पण असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. ज्यांनी उत्तर द्यायला हवं होतं ते मंडपात केक कापत होते.

मैत्रीण गुढीपाडव्यानंतर परत आली. मी त्या दिवशी शाळेतच होतो. सहावीतल्या मुलीनं तिला थेट शौचालयाच्या मागे नेलं. भिंत आणि कुंपण यांच्या बेचक्यात जेसीबीचा दात पोचला नव्हता, तिथे एक बोर वाचली होती.

“हे बघ तुझं झाड.”

मैत्रिणीनं बघितलं. “माझा पळस व्हता. ही बोर हाय. मला काय येडी समजती का?”

“माहीत हाय मला. माझीच हाय ती. आता अर्धी तुझी.”

“काट्याची अर्धी का बोराची?”

“खालची. हात पुरतो तेवढी.”

दोघी बराच वेळ भांडल्या. मग मैत्रिणीनं खोडाला हात लावला. काटा बोचला तसा शिवी देऊन हात काढला आणि पुन्हा लावला.

पाम उन्हाळ्याआधीच वाळले. त्यांच्या जागी आता फरशी बसवली आहे. शौचालयाच्या मागे एक बोर आहे, ती दोघींची आहे.