आखूड बाही

"गोड बोलून राह्यला ना, म्हंजे आतून काहीतरी हाये," असं ती दोरा दातानं तोडत म्हणायची. रिसोडच्या माझ्या शिलाईच्या दुकानात चार वर्षं ती दुसऱ्या मशीनवर बसली. गिऱ्हाईक हसून बोललं की हिचा चेहरा वाकडा! अशी बाई तुम्हीही पाहिली असेल आणि खडूस म्हणून मोकळे झाला असाल. मीही झाले होते. नवऱ्याच्या मारातून सुटून, फारकत घेऊन ती आली होती, हे नंतर कळलं. लग्नाआधी तोही फार गोड बोलायचा म्हणे.

अनसिंगचा एक विधुर, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा मिस्त्री, शर्ट शिवायला यायचा. कापड कमी आणि फेऱ्या जास्त! शेवटी त्यानं माझ्यामार्फत तिला लग्नाचं विचारलं.

"आधी त्याचा राग पाहीन," ती म्हणाली. आणि बयेनं त्याच्या शर्टाची एक बाही मुद्दाम दोन बोटं आखूड शिवली. दुकानाचं नाव घालवलं माझ्या!

तो शर्ट घेऊन हसत गेला. दोन दिवस गेले, तक्रार नाही.

"पाहा, किती शांत माणूस," मी म्हणाले.

"राग गिळून राह्यला तो. माह्या नवऱ्यानंबी लग्नाआधी गिळलाच होता."



आठव्या दिवशी तो आला. शर्ट काउंटरवर ठेवून म्हणाला, "बाई, एक बाही आखूड हाये. मले लय राग आला. नीट करून द्या." आणि बाकावर जाऊन बसला.

ती बाही उसवू लागली. "मुद्दाम केलं होतं मी."

"काहून?"

"तुमचा राग पाहाले."

"मंग पाह्यला ना? पुन्हा पाहाचा असन तं तोंडानं सांगा. कापड महाग हाये."

लग्नानंतर अनसिंगला निघताना तिनं माझा हात घट्ट धरला. "ताई, रोज फोन करा. पहिल्या घरी तो शेजारी उभा राहाचा, अन् मी मायले 'बरं हाये' म्हनाची. मी तसं म्हनलं, तं लगेच जीप करून या."

सहा महिने झाले. माझा अजून त्याच्यावर भरवसा नाही. काल ती फोनवर म्हणाली, "लय घोरते हा माणूस, ताई!" मागून त्याचा आवाज आला. म्हणजे तो शेजारीच उभा होता!

"खोटं सांगून राह्यली, ताई!"

"तुमी गप बसा हो!" ती त्याच्यावर खच्चून ओरडली.

मी फोन ठेवला आणि दुकानातच रडले.