जनकाबाईंचे तीन ढीग

खामगावच्या जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगापाशी बसून जनकाबाईंनी तीस वर्षं कवडी आणि पत्ती निवडली. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस आणि पत्ती म्हणजे वाळक्या पानाचा चुरा. बाकीच्या बाया ज्या ढिगावरून पदर झटकून उठतात, त्याच ढिगात जनकाबाई पुन्हा हात घालतात आणि मूठभर कचरा काढून सगळ्यांसमोर ठेवतात. अशा बाईला मैत्रिणी किती असणार, ते सांगायला नको.

या बाईनं एक्कावन्नाव्या वर्षी बाहेरून बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसायचं ठरवलं, तेव्हा गल्लीला वर्षभराचा विषय मिळाला. नवरा शंकरराव ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "हळू बोला बाप्पा, आमच्या घरी बोर्डाची परीक्षा हाये." मार्चात बाकीचे सगळे विषय सुटले. इतिहासात तर लेक समताला तिच्या दहावीत पडले होते त्यांपेक्षा दोन मार्क जास्त पडले, आणि ते दोन मार्क गल्लीतल्या दहाही दारांत पोचले. इंग्रजीत मात्र पंचवीस.

"इंग्रज कवाचे गेले, समताची माय," शंकरराव म्हणाले. "तू काऊन त्याईच्या मांगं लागली?"

तिसऱ्या दिवशी जनकाबाई जुलैच्या पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरून आल्या आणि म्हणाल्या, या खेपेला नाही निघाला विषय, तर पुस्तकं रद्दीत. त्या बोलल्या की तसंच करतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

घोडं अडलं होतं इंग्रजी क्रियापदांच्या काळांपाशी. समता इंग्रजीच्या शिकवण्या घेते. पण आईला शिकवताना तिचाही घसा बसला.

"काल गेली, आज जाते, उद्या जाईल. एवढंच आहे गं माय. आणि आत्ता चालू असेल तर 'इज गोइंग'. जाऊन राह्यली."

जनकाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "जाऊन राह्यली? इंग्रजीत असंच म्हणतेत?"

"हाव, असंच."

"मंग पुण्याचे लोक आपल्याले काऊन हासतेत? इंग्रज तं वऱ्हाडीच बोलतेत."

त्या दिवसापासून बाईंना सूर सापडला. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या चिठ्ठ्या फाडल्या, एकेका चिठ्ठीवर समताकडून क्रियापदाची जागा सोडून एकेक वाक्य लिहून घेतलं आणि फरशीवर मांडी घालून निवडायला बसल्या. होऊन गेलेलं एका बाजूला, होऊन राह्यलेलं मधे, व्हायचं पलीकडे. 'यस्टर्डे' दिसला की पत्ती दिसल्यासारखा त्यांचा हात जायचा. आधी चिठ्ठी ढिगात टाकायची, मग क्रियापद लिहायचं, ही त्यांची रीत. जिनिंग पावसाळ्यात बंद, त्यामुळे दुपारभर हेच चाले. शंकररावांना चहा मागायचा तर ढीग ओलांडून जावं लागे.

पेपराच्या दिवशी पहिले प्रश्न बरे गेले. मग गाळलेल्या जागांची आठ वाक्यं आली. जनकाबाईंनी सवयीनं प्रश्नपत्रिकेच्या कोऱ्या कडा फाडल्या, आठ चिठ्ठ्या केल्या, त्यांवर वाक्यं उतरवली आणि बाकावर तीन ढीग लावले. परीक्षेच्या बाकावर चिठ्ठ्या म्हणजे काय समजतात, हे अख्ख्या वर्गात त्यांना एकट्यांनाच सुचलं नाही.

त्याच वेळी भरारी पथक आत आलं.

"हे काय आहे, बाई?" पथकातल्या मॅडमनी विचारलं.

"ढीग."

मागच्या बाकावरचं पोरगं हसलं. मॅडमनी चिठ्ठ्या उचलल्या, उलटसुलट पाहिल्या. आठही ठिकाणी जागा कोऱ्याच. "उत्तरं कुठे आहेत?"

"अजून लिहाचेच हायेत, मॅडम. पह्यले निवडाव लागते."

मॅडमनी फाटक्या कडा प्रश्नपत्रिकेला लावून पाहिल्या. त्या नेमक्या जुळल्या. कॉपीची केस लिहायला काढलेलं पेन त्यांनी बंद केलं, पण चिठ्ठ्या मात्र लिफाफ्यात घातल्या. "या मिळणार नाहीत. असंच लिहा. मी इथेच उभी आहे."

तीस वर्षांत जनकाबाईंनी हाताखाली काही न घेता कधी काही निवडलं नव्हतं. त्यांनी पदरानं तळवे पुसले, पहिलं वाक्य वाचलं आणि बाकाच्या डाव्या बाजूला बोट टेकलं. लिहिलं. दुसऱ्याला मधे. लिहिलं. पाचव्या वाक्यापाशी बोटच आलं नाही, नुसते डोळे गेले. आठवं लिहून त्यांनी मान वर केली तेव्हा मॅडम तिथंच होत्या. जाताना त्यांनी बाकावर पडलेलं जनकाबाईंचं हॉल तिकीट सरळ करून ठेवलं.

निकाल समताच्या मोबाईलवर आला. इंग्रजीत अठ्ठावन्न, म्हणजे दहावी पास. जनकाबाईंनी आकडा स्वतः वाचला, पुन्हा वाचला, आणि स्वयंपाकघरात जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. समता मागून गेली तर म्हणाल्या, "ज्वारी निवडाची राह्यली," आणि रिकाम्या सुपात हात फिरवत राहिल्या.

शंकरराव तोवर बाहेर पडले होते. पहिल्या घरी त्यांनी सांगितलं, बायको पास झाली. दुसऱ्या घरी सांगितलं, पथकासमोर बसून झाली. चौथ्या घरी पोचेपर्यंत ते म्हणत होते, "मीच म्हटलं होतं तिले, इंग्रजीले काय भ्याचं."

खिडकीतून जनकाबाईंना सगळं ऐकू येत होतं. "जाऊ दे," त्या समताला म्हणाल्या, "अजून सहा घरं राह्यली त्याईची."