टोपीनंतर जे लागेल ते

माणूस बोलायला शिकण्याच्या कितीतरी आधी खुणा करत होता, आणि संस्कृतीत जे काही खरोखर गंभीर आहे ते आजही न बोलताच सांगितलं जातं. हे मत माझं स्वतःचं आहे. शंकर नगरजवळच्या एका मैदानावर, संध्याकाळी पाच वाजता, पन्नाशीचे एक गृहस्थ स्वतःचं नाक, कान, कोपर आणि कमरेचा पट्टा चाचपत उभे होते, तेव्हा ते मला सुचलं. त्याआधी क्षणभर वाटलं होतं की त्यांच्या स्कूटरची किल्ली हरवली आहे.

ते माझ्या मुलीचे सॉफ्टबॉल कोच. या खेळात आपली फलंदाजी चालू असताना कोच तिसऱ्या बेसजवळ, म्हणजे पळणारीच्या तिसऱ्या थांब्याजवळ, उभा राहतो आणि पुढे काय करायचं ते मुलींना हातांनी सांगतो. कानाला हात म्हणजे बंट, चेंडू नुसता बॅटला टेकवून पायाशी पाडायचा. छातीला हात म्हणजे स्टील, पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणारीच्या, हातून चेंडू सुटला की पुढच्या बेसकडे धूम ठोकायची. पण समोरच्यांना कळू नये म्हणून कोच सगळीकडेच हात लावत सुटतो. यातली खरी खूण कोणती? टोपीला हात लागल्यावर लगेच जी येईल ती. बाकी सगळी खाज समजायची.

मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती आणि तिला राज्याच्या शिबिरात जायचं होतं. निवड शहरातल्या स्पर्धेतून व्हायची होती, पण बॅग भरून पलंगाखाली ठेवलेली होती. एके दिवशी सरावानंतर कोचनी मला बाजूला घेतलं. माणूस मूळचा विदर्भातला, नोकरी रेल्वेत.

"भाऊ, तुमची पोट्टी हरणावानी पळते. पण मी इकडं हात दुखेपर्यंत खुणा करून राहिलो, अन् ते तिकडं आभाळात विमान पाहून राहिली."

"मग काय करायचं?"

"फायनलले सिलेक्टर येऊन राहिले. त्या दिवशी एक खूण चुकली का मी तिले बाकावर बसवतो. सांगून ठेवतो तुमाले, मंग म्हणू नका."

मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. कुठलाही विषय आपल्याला शिकवता येतो असा भ्रम या नोकरीत होतो. घरी मी टोपी घालून जेवायला बसू लागलो. वरण वाढून घेता घेता टोपीला हात, मग कानाला. मुलगी हातातला चमचा आडवा धरी.

"अहो, काहून कान ओढून राहिले?" बायकोने विचारलं. "दुखते का?"

"मम्मी, बंट है," इथल्या हिंदीत वाढलेली मुलगी म्हणाली. "डिस्टर्ब मत करो."

तिची अडचण मला लवकरच कळली. ती विचार करायची. ही खूण खरी की खोटी, सरांनी आत्ता ती का केली असेल, यात चेंडू निघून जायचा. मी तिला एकच नियम दिला: विचार करायचा नाही. टोपीनंतर जे लागेल ते.

नियम किती मुरला आहे ते गोल बाजारात कळलं. कुकर घ्यायला गेलो होतो. मी घाम पुसायला टोपी मागे सारली आणि यादी काढायला शर्टाच्या खिशात हात घातला. मुलगी हातातल्या झाकणासकट समोरच्या कापडाच्या दुकानात.

"भैया, बिटिया कहाँ भागी?" दुकानदार गल्ल्यावरून उठला.

"दुसऱ्या बेसवर," मी म्हणालो. मला अभिमान वाटला. झाकण परत आलं, पण दुकानदार आम्ही जाईपर्यंत बसला नाही.

फायनल गुढियारीत, रेल्वेच्या रुळांलगतच्या मैदानावर होती. मुख्य पाहुणे तासभर उशिरा आले. खेळातून चरित्र कसं घडतं ते त्यांनी सविस्तर सांगितलं, फक्त सॉफ्टबॉलला दोनदा व्हॉलीबॉल म्हणाले. मग पुष्पगुच्छ झाले. शामियान्यात पहिल्या रांगेत सिलेक्टर बसले होते, एकटेच, वहीसकट. त्यांना पुष्पगुच्छ मिळाला नाही, म्हणून ते मला आवडले.

समोरच्या संघाची कोच आमच्या कोचची जुनी शिष्या निघाली. तिने सामन्याआधी भर मैदानात त्यांच्या पायांना हात लावला, त्यांनीही आशीर्वाद दिला. नंतर कोणाला तरी सुचलं की खुणा तिला सगळ्या पाठ असणार. टोपीसकट. आमच्या दोन मुली स्टील करताना दुसऱ्या बेसवर अलगद पकडल्या गेल्या. चेंडू त्यांच्या आधी येऊन त्यांची वाट बघत होता.

"माहंच शिकवेल, अन् मलेच दाखवून राहिली," कोच पुटपुटले आणि त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. शेवटच्या डावापर्यंत ते बाहेर काढले नाहीत.

शेवटच्या डावात बरोबरी होती आणि समोरच्यांची फलंदाजी संपली होती. आमच्या दोघी बाद झालेल्या, तिसरी गेली की डाव संपणार; माझी मुलगी तिसऱ्या बेसवर, तिथून होम प्लेट गाठली की धाव, आणि बॅट संघातल्या सगळ्यात लहान मुलीच्या हातात. त्या मुलीच्या बॅटला दिवसभरात चेंडू लागला नव्हता. तिला कसलीही खूण करून उपयोग नव्हता. कोच अस्वस्थ होऊन दोन पावलं मागे सरकले आणि तिथे पडलेल्या एका बॅटला त्यांचा पाय लागला.

अशा वेळी आपण जे करतो तेच त्यांनी केलं. खिशातून हात काढला, वाकून बॅटला लावला, मग कपाळाला, मग छातीला. कपाळावर टोपी होती.

शिष्येने हे पाहिलं आणि तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. मैदानातल्या कोणालाच वाटलं नाही. मी मात्र खुर्चीतून अर्धा उठलो, कारण मुलगी काय करणार हे मला माहीत होतं आणि कोणी सांगितलं हेही.

पिचरच्या हातून चेंडू सुटला आणि मुलगी निघाली. बॅटवाली मुलगी बॅट खांद्यावर ठेवून बघत राहिली. चेंडू तिच्या मागे बसलेल्या कॅचरच्या हातात सरळ आला. पण दोघी बाद असताना कोणी होम प्लेटकडे पळत येतं, याची खूण तिला शिकवलेली नव्हती. तिने आधी आपल्या कोचकडे पाहिलं. कोच पाणी पीत होती. कॅचरने हात खाली आणला तेव्हा माझ्या मुलीचा पाय प्लेटवर होता आणि बाकी सगळी ती धुळीत. अंपायरने दोन्ही हात पसरले. सेफ. आम्ही जिंकलो.

सिलेक्टर शामियान्यातून धावत आले. "क्या साइन था सर! हमको लगा आप प्रणाम कर रहे हैं! पूरा मैदान धोखा खा गया!"

"हव," कोच म्हणाले, आणि बराच वेळ टोपी नीट करत राहिले.

गर्दी पांगल्यावर ते माझ्याजवळ आले. "भाऊ, माहा पाय लागला होता न बॅटले. पोट्टीले नोका सांगू. तिचा भरोसा उडन."

मी कबूल झालो. शंकर नगर आलं तशी स्कूटरवर मागे बसलेली मुलगी पुढे वाकली.

"पापा, सर का पैर लगा था न? मैंने देखा था."

"मग पळालीस कशाला?"

"आपने ही तो बोला था, सोचना मत."

आठवड्याने यादी लागली. तिचं नाव होतं. शिबिराला अजून पंधरा दिवस होते. ते सगळे आम्ही खुणांची उजळणी करण्यात घालवले. कोच रोज संध्याकाळी घरी आले, त्यांनी सात नव्या खुणा शिकवल्या, बायकोलाही तीन पाठ झाल्या. पलंगाखालची बॅग निघाली.

शिबिराच्या तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मी वही-पेन घेऊनच बसलो होतो. तिथल्या खुणा कशा आहेत, टोपीसारखी चावी कोणती, मी विचारलं.

"यहाँ साइन नहीं है पापा. सर चिल्लाते हैं."

"काय ओरडतात?"

"भाग."