थांबणारी मोटर

गेल्या शनिवारी आमच्या ह्यांनी दुकानातली सगळ्यात मरतुकडी मोटर पसंत केली आणि माझं डोकंच फिरलं... आता शांत झालेय, म्हणून लिहितेय.

आमचे हे साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते. रिटायर झाल्यावर लोखंड कातायचं एक छोटं, जुनं लेथ मशीन घेतलं आणि सावेडीतल्या आमच्या घराच्या पार्किंगमध्ये बसवलं. गाडी तेव्हापासून रस्त्यावर.

लोखंडाचा तुकडा एकदा त्या मशीनवर फिरायला लागला की हा माणूस जेवण विसरायचा. मी हाका मारून मारून थकायचे. पण तो आवाज घरात असला की बरं वाटायचं, हेही तितकंच खरं.

मागच्या वर्षी ह्यांना पॅरालिसिसचा झटका आला. देवाच्या दयेने चालणं-बोलणं सुधारलं, डावा हात मात्र मागे राहिला. त्या हाताबद्दल घरात ब्र काढायची सोय नव्हती. शर्टाची बटणं लावताना पाठ फिरवून उभे राहायचे. मी पुढे झाले की, "जमतंय मला." विषय संपला.

मध्यंतरी एक दिवस म्हणाले, मशीन सुरू करतो. बटण दाबलं तर नुसता घुंघुं आवाज आणि जळका वास... मोटर गेलेली. वाइंडिंगवाल्यानेही हात टेकले, म्हणाला आता नवीच घ्या. पुण्याहून मुलाचा फोन, "आई, विकून टाका ना ते मशीन."

खरं सांगू? मलाही मनातून तेच हवं होतं. फिरत्या मशीनपुढे तो हात, नुसता विचारही नको वाटायचा. पण हे पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बंद मशीनकडे बघत बसायचे, तेही बघवत नव्हतं.

शेवटी शनिवारी निघालो. मोटर उचलायला म्हणून कर्जतहून माझा धाकटा भाऊ बाळू आला होता. आमच्या माहेरी मोटर म्हणजे विहिरीवरची, आणि ती घ्यायचा नियम एकच... लागते त्यापेक्षा एक साइज मोठी. लाइट कमी दाबाने आली तरी पाणी ओढलं पाहिजे ना.

त्यामुळे दुकानात पाय ठेवतानाच बाळूने जाहीर केलं, "दाजी, जुनी एक एचपीची हुती न्हवं? मग दीडची घ्या. येकदाच घ्यायचं ते दणकट." मीही मान डोलावली. दुकानदार तर खूशच झाला.

ह्यांनी दीडच्या मोटरला पुली बसवून ती चालू करायला लावली. मग कोपऱ्यातली एक लाकडी पट्टी उचलली आणि उजव्या हाताने त्या फिरत्या पुलीवर दाबली. मोटरला पत्तासुद्धा नाही. "बघा, हाय का न्हाई ताकद," बाळू खूश. ह्यांनी मान हलवली... नको.

मग एक एचपीची. ती जरा कुरकुरली, पण फिरत राहिली. तीही नको. शेवटी अर्ध्या एचपीची आणायला लावली. पट्टी दाबली तशी ती घुमली, अडखळली आणि चक्क थांबली.

"हीच द्या," हे म्हणाले.

दुकानदार बघतच राहिला. काका, ही तुमच्या मशीनला कमी पडेल, असं परोपरीने सांगून झालं. बाळू माझ्या कानाशी लागला, "आक्का, दाजींचं ठिकाणावर हाय न्हवं?" ह्यांचं घराणं मूळचं काष्टीचं, बाजारात बैल चालवून बघितल्याशिवाय दावणीला न बांधणारं. आणि ह्या गृहस्थांनी नेमका बसणारा बैल पसंत केला होता.

रिक्षात मी तोंड फुगवून बसले. सावेडी जवळ आल्यावर, बाहेर बघत बघतच हे बोलले.

"काही अडकलं तर मोठी मोटर थांबत नाही गं. माणसाला ओढत नेते. ही थांबेल... डावा हात आता वेळेवर मागे येत नाही माझा."

बाळूने मांडीवरची मोटर दोन्ही हातांनी नीट धरली. वर्षभरात ह्यांनी त्या हाताचं नाव पहिल्यांदा काढलं होतं, तेही किती साधेपणाने. मी इतके दिवस एकटीच घाबरतेय असं मला वाटत होतं. ह्यांनी तर त्या भीतीचं माप काढून, त्या मापाची मोटर घेतली होती. "लोखंड एका वेळी पातळ पातळ काढीन," म्हणाले, "घाई कुणाला आहे?" मला खरंच अभिमान वाटला ह्यांचा. उभ्या आयुष्यात इतका कधी वाटला नसेल.

रविवारी ह्यांनी आणि बाळूने मिळून मोटर बसवली. मोटरचा पट्टा ह्यांनी मुद्दाम थोडा सैल ठेवला, काही अडकलंच तर तोही घसरावा म्हणून.

सोमवारी सकाळी मी कणीक मळत होते. हे स्वयंपाकघरात आले आणि उजवा हात माझ्यापुढे धरून उभे राहिले. लेथवर उभं राहायचं तर बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या हव्यात, हा ह्यांचा कारखान्यातला कडक नियम. डावी बाही दुमडून झाली होती. उजवी दुमडणार कोण?

"तेवढी बाही दुमड," म्हणाले.

हाफ शर्ट घाला की, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. हात पुसले आणि एकेक घडी नीट घालत बाही वर नेली. "अजून घट्ट," म्हणाले. केली घट्ट.

थोड्या वेळाने पार्किंगमधून आवाज सुरू झाला. पहिल्यापेक्षा जरा बारीक... पण तोच. दुपारी दीड वाजला तरी माणूस जेवायला येईना. मी दारातून हाक मारली, मग दुसरी, मग तिसरी. देवा, एवढंच राहू दे... मी मारेन हाका.