वंदनाबाईंच्या पोरांची पोटफोली

वंदना गेल्याचा फोन आला तेव्हा मी जठारपेठेत भाजी घेत होते. फोन तिच्या नवऱ्याचा, प्रकाशरावांचा. ते एवढंच म्हणाले, "ताई, वंदना गेली," आणि थांबले. पलीकडून दवाखान्यातल्या कुठल्याशा ट्रॉलीचा खडखडाट येत होता, तोच मी ऐकत राहिले. मग अकोल्याहून अमरावतीची बस धरली. मूर्तिजापूर मागे पडलं, बडनेरा आलं. दोन्हीकडे तुरी उभ्या होत्या, मधेच कुठे हरभरा हिरवा दिसायचा. या रस्त्यानं मी तिला भेटायला इतक्यांदा गेले आहे की त्या दिवशीही मनाचा एक कोपरा समजत होता, आपण वंदनाकडेच चाललोय, दार तीच उघडेल, आणि "आली का बाप्पा एकदाची" म्हणून आत वळेल...

त्याला आता काही आठवडे झाले. लिहावं की नाही, ठरत नव्हतं. पण दुपारच्या सुट्टीत फोनकडे हात जातो. ती तिच्या शाळेतून आणि मी माझ्या शाळेतून, डबा खाताखाता आम्ही बोलायचो. त्या वेळेचं आता काय करायचं, ते कळत नाही.

आम्ही दोघी भेटलो अमरावतीच्या डी.एड. कॉलेजात. वसतिगृहात एकाच खोलीत होतो. मी शेतकऱ्याघरची, ती चांदूर बाजारच्या पोस्टमनची मुलगी. त्यांच्या घरी रोज संध्याकाळी बुद्धवंदना व्हायची. ती जन्मली तेव्हाही शेजारच्या खोलीत तीच चालू होती, म्हणून नाव वंदना. सरावपाठात तिला अपूर्णांक शिकवायचे होते. तिनं वर्गात ज्वारीची भाकर नेली आणि पोरांसमोर तिचे तुकडे केले. शेवटी विचारलं, "कोणाले समजलं?" सगळे हात वर. "कोणाले समजलं नाही?" एकही हात नाही. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "बाई, भाकर समजली. फळ्यावरचं नाही समजलं." वंदना खळखळून हसली. आणि उरलेला सगळा तास तिनं एकेका पोराला नेमकं कुठं अडलं ते विचारण्यात घालवला. निरीक्षकांनी शेरा मारला, 'पाठ अपूर्ण'. मी खोलीवर आल्यावर तिची समजूत काढायला लागले, तर तीच मला म्हणाली, "काहून तोंड पाडून बसली, शोभे? अपूर्णांकाचा पाठ अपूर्णच राहीन ना." मग जरा वेळानं, चहाचा कप हातात फिरवत, "पण पोराईले काय समजलं नाही, ते मले आज समजलं. हे का कमी हाय?"

पुढे माझं लग्न अकोल्यात झालं, मी इथल्याच एका हायस्कुलात लागले. तिला नांदगाव खंडेश्वर तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा मिळाली. ती राहायची अमरावतीला आणि रोज एसटीनं जा-ये करायची. बदलीची संधी आली तेव्हाही तिनं ते गाव सोडलं नाही.

कोरोनाच्या काळात शाळा बंद होत्या आणि पोरं वडलांच्या नाहीतर काकाच्या मोबाइलवरून अभ्यासाचे फोटो पाठवायची. शाळा उघडल्यावर बाकी सगळ्यांनी ते फोटो पुसून मोबाइल मोकळे केले. वंदनानं पुसले नाहीत. मला म्हणाली, "पोट्ट्याचं जूनमधलं अक्षर आन् मार्चमधलं अक्षर शेजारी ठेवलं ना, तर त्याच्याच डोयात पाणी येते. परीक्षेचा कागद त्याले हे दाखवते का कधी?" शाळेला टॅब मिळाला होता. त्यात तिनं प्रत्येक मुलाच्या नावाचं एक फोल्डर केलं. मुलानं काही केलं, मग ते चित्र असो, गणित असो की मातीचं धरण, की त्याचा फोटो त्यात ठेवायचा. आणि फोटोबरोबर स्वतःच्या आवाजात सांगायचं, हे मी कसं केलं, कुठं अडलो, पुन्हा केलं तर काय वेगळं करीन. कुठल्याशा प्रशिक्षणात तिनं याचं नाव ऐकलं होतं, डिजिटल पोर्टफोलिओ. पोरांच्या तोंडी ते पहिल्याच दिवशी 'पोटफोली' झालं, आणि तिनं ते कधी दुरुस्त केलं नाही. "माही पोटफोली भरली," असं पोरं जेवण झाल्यासारखं सांगायची.

दुपारच्या फोनवर मग ती मला त्यातलं काहीबाही ऐकवायची. एक दिवस म्हणाली, "हे ऐक, काही बोलू नको." मी कान लावला. बराच वेळ नुसता श्वास. लांब कुठे कोंबडी ओरडली. मग एका मुलीचा बारीक आवाज, "मले... वाचता येत नाही." आणि बंद. ही साक्षी. सहावीला दुसऱ्या गावाहून आलेली. वर्गात कधी तोंड उघडायची नाही, त्यामुळे तिला काय येतं आणि काय नाही, कुणालाच माहीत नव्हतं. वंदना केवढी खूश झाली होती. "बोलली ना बाप्पा! आता धागा सापडला." मग आठवड्याला साक्षीचं एकेक वाचन येऊ लागलं. आधी दोन ओळी, अडखळत, जोडाक्षर आलं की थांबत. प्रत्येकाच्या शेवटी ती स्वतःच सांगायची, आज 'ष्ट' ला अडली, आज दम पुरला नाही. त्या मुलीला मी पाहिलं नव्हतं, पण तिचं वाचन सुधारताना मी इथं अकोल्यात बसून ऐकलं आहे.

वर्षाच्या शेवटी केंद्रप्रमुख शाळा बघायला आले. भला माणूस, मुलांचं काम बघून मनापासून आनंदला. तालुक्याला प्रदर्शन होतं, त्यात हे मांडू म्हणाला. फक्त त्याचं म्हणणं, चुकलेलं तेवढं काढून टाका, चांगलं चांगलं ठेवा, शाळेचं नाव होईल. वंदना म्हणाली, "सर, चुकलेलं काढलं तर मंग उरते काय? पोरगं कुठून निंगालं तेच नाही दिसलं, तर कुठं पोचलं हे कसं समजन?" मग त्यानं ते पालकांवर सोडलं. पालकांना चालत असेल तर ठेवा.

पालकसभेला साक्षीचे वडील आले होते. गवंडीकाम करणारा माणूस, कामावरून तसेच आलेले, हाताला सिमेंट. वंदनानं साक्षीला विचारून तिची ती पहिली नोंद लावली. कोंबडी ओरडली तसे दोघंतिघं हसले. आणि ते वाक्य आल्यावर साक्षीचे वडील उभे राहिले. "बाई, माह्या पोरीची बेइज्जती काहून करून राहिल्या तुमी चारचौघात? आत्ताच्या आत्ता काढा ते." वंदना मला नंतर सांगत होती, "शोभे, त्याचं काही चुकलं नव्हतं. बापच हाय तो." पण ती त्यांना इतकंच म्हणाली, "दादा, ते माहं नाही, तुमचंही नाही. साक्षीचं हाय. ते काढाचं का ठेवाचं, ते तिले सांगू द्या."

साक्षी पुढं आली. टॅबकडे बघत राहिली. मग वडलांना म्हणाली, "राहू द्या, बाबा. ते बी मीच हाय ना." आणि तिनं स्वतःच्या बोटानं शेवटची नोंद लावली. अख्खा धडा, न थांबता. वडील उभेच होते, ते हळूच खाली बसले. सभा संपल्यावर बाकीचे गेले तरी ते रेंगाळले आणि जाताना म्हणाले, "बाई, ते पयलंवालं माह्या मोबाइलवर पाठवसान का?"



पुढच्याच उन्हाळ्यात तिला कॅन्सर निघाला. तेही तिनं दुपारच्या फोनवरच सांगितलं, डब्यात आज काय आहे ते सांगावं तसं. अमरावती, नागपूर, पुन्हा अमरावती अशा चकरा सुरू झाल्या. बरं वाटलं की शाळेत जायची, नाही वाटलं की टॅब घरी मागवून घ्यायची आणि पोरांच्या नोंदी पडल्या पडल्या ऐकायची.

आमची शेवटची भेट दिवाळीनंतरची. तिच्या घरी, खिडकीजवळच्या पलंगावर ती उशीला टेकून बसली होती. मी संत्रं सोलत होते. तिनं एक फोड घेतली, तोंडात नुसती धरून ठेवली. मग म्हणाली, "इतके वर्ष पोराईले विचारत आली, तुले काय अडलं, तुले काय अडलं. मले कोणीच नाही विचारलं कधी." मी संत्रं खाली ठेवलं. "सांग मग," मी म्हटलं, "तुले काय अडलं?" ती खिडकीकडे बघत होती. बाहेर प्रकाशराव कपडे वाळत घालत होते. ती म्हणाली, "हे सोडून जायाचं कसं, ते काही जमून नाही राहिलं." माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून हलकंसं हसली. "रडतं काहून? पयल्यांदाच हाय ना माहं. चुकणारच."

आम्ही दोघी मग त्याच पलंगावर एकमेकींना टेकून झोपलो, वसतिगृहात थंडीत झोपायचो तशा. मी निघाले तेव्हा तिला झोप लागली होती. मी उठवलं नाही.

ती गेल्यानंतर शाळेचा टॅब घरीच राहिला होता. प्रकाशरावांना तो हातात घेववेना. "ताई, तुम्ही नेऊन देता का?" म्हणाले. म्हणून परवा मी त्या गावी पहिल्यांदा गेले. मुख्याध्यापकांनी चहा दिला, नवीन बाई अजून यायच्या आहेत म्हणाले. टॅब कुठं ठेवू, असं विचारलं तर एक उंच मुलगी "द्या इकडं" म्हणत पुढं झाली. आवाजावरून मी तिला ओळखलं. साक्षी आता आठवीत आहे.

ती मला वर्गात न नेता मागच्या खोलीत घेऊन गेली. खिचडीच्या तांदळाची पोती ठेवायची खोली ती. भिंतीला थप्पी लागलेली, एक लहानशी खिडकी, कच्च्या तांदळाचा वास. "आमी पोटफोली इथंच भरतो," ती म्हणाली. "पोत्याईनं आवाज घुमत नाही." बसायला दोन पोती होती, पण ती समोरासमोर नव्हती, एकाच्या मागे एक मांडलेली होती. मी विचारलं, असं का? "बाई समोरच्या पोत्यावर बसत, आमच्याकडं पाठ करून. त्याईच्या तोंडाकडं पाहिलं का आमाले बोलणं येत नाही. म्हून त्या तिकडं पाहत."

इतक्या वर्षांत हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. पुढच्या पोत्याचा मधला भाग दबून खोलगट झाला होता.

साक्षी टॅब छातीशी धरून उभी होती. म्हणाली, "मॅडम, बाई गेल्या तवापासून मी काहीच नाही भरलं. तुमी बसता का तिथं?"

मी पुढच्या पोत्यावर बसले. समोर पांढरी भिंत, तिच्यावर खिडकीतून आलेलं थोडं ऊन. मागं पोतं करकरलं, ती बसली असावी. बराच वेळ तिचा नुसता श्वास येत होता. वळून तिला जवळ घ्यावं असं मला फार वाटलं. मी भिंतीकडे बघत राहिले. मग ती बोलू लागली.