नळीमामांची जीभ

नळीमामांची जीभ दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होती: शेजाऱ्यापाजाऱ्यांची उणीदुणी काढण्यासाठी आणि रंगाच्या कारखान्यातल्या टाक्या ओळखण्यासाठी.

कारखान्यात उंच ओट्यावर चार टाक्या आणि खाली पिंपं. ठिणगीच्या धास्तीनं तिथे मोटर लावायची सोय नव्हती. मामा रबरी नळीचं एक टोक टाकीत सोडायचे, दुसरं तोंडात धरून दम ओढायचे. थेंब जिभेला लागला की टोकावर अंगठा, आणि नळी खाली पिंपात. पुढे टाकी आपसूक उतरत राहायची. मामा थुंकून जाहीर करायचे, "टर्पेंटाइन!" नाहीतर, "जवसाचं तेल!" छत्तीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत. टाक्यांवरची नावं पुसली, तरी मुकादम म्हणायचा, "पाटी कशाला हवी? मामा आहेत की."

मामींना शंका आली ती जेवणावरून. खोट काढल्याशिवाय घास न गिळणारा हा माणूस दोन महिने मुकाट्यानं जेवत होता. एवढं सुख संसारात बरं नव्हे, हे मामींना कळत होतं. एके दिवशी त्यांनी मुद्दाम अळणी भाजी वाढली.

"कशी झालीय?"

"झकास! मीठ कसं अगदी बेतशीर."

"अहो, मीठ घातलंच नाहीये."

मामांचा घास हातातच राहिला. मग हळूच म्हणाले, "बाहेर बोलू नकोस. बाकी कुणाचं काहीही सांग, हे तेवढं नको. दोन महिने नुसत्या वासाच्या अंदाजानं नावं सांगतोय."

"नाही सांगत. पण तोंड लावणं सोडा. नळी आधी भरून घ्या, दोन्ही टोकं दाबा, मग बुडवा. मला कळतं ते तुम्हाला कळत नाही?"

"कळतं गं! पण आत काय आहे ते मग कोण सांगणार? जीभ गेली म्हटल्यावर मला तिथे ठेवतील कशाला?"

मामी गप्प बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि नेमक्या चुकीच्या वेळी.

दुसऱ्या दिवशी मामा ओट्यावर चढले. दुसरी टाकी आदल्या दिवशी कॉस्टिक सोड्यानं धुवायला घेतली होती आणि ते पाणी अजून आतच होतं. मुकादमानं कुणालाच बजावलं नाही. मामा आहेत की. मामांनी दम ओढला. थेंब लागला. काहीच कळेना. खाली चौघे नाव ऐकायला उभे. म्हणून मामांनी आणखी ओढलं, चांगला तोंडभर घोट.

"काय आहे, मामा?"

मामा सांगणार होते. त्याआधी ते गुडघ्यांवर बसले.

जीव वाचला, अन्ननलिका आणि आवाज गेला. डॉक्टरांनी जेवणासाठी पोटात नळी बसवून दिली. ज्या गल्लीनं हौसेनं नळीमामा नाव ठेवलं, त्या गल्लीत आता ते नाव कुणाच्या तोंडून निघत नाही. टाक्यांवर मात्र ठळक अक्षरांत पाट्या लागल्या.

रोज दुपारी मामी पातळ पेज करतात. नळी चिमटीत धरून आधी भरून घेतात, मग नरसाळं उंच धरतात. पेज आपसूक उतरते. हात खाली आला की मामा बोटानं खुणावतात: वर धर, वर.

पेजेत मामी मीठ घालतात. आणि ते बेताचं आहे ना, हे स्वतः चाखून बघतात.